मावशींचा दोष किती मिलिग्रॅम?

परवा आमच्या ऑफिसातलं एस्प्रेसो मशीन बंद पडलं. या वर्षातली ही तिसरी वेळ. सर्व्हिसवाला आला, बॉयलर उघडला, आत पांढराफटक थर! त्याने रिपोर्टावर खरडलं, "साफसफाई अपुरी". झालं. तेवढ्या दोन शब्दांवर कंत्राटदाराने पॅन्ट्रीतल्या मावशींच्या पगारातून पाचशे रुपये कापले. मावशी मला म्हणाल्या, "दादा, रोज पुसते हो मी मशीन. आता त्याच्या पोटात हात घालून पुसू का?"

प्रश्न बिनतोड आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं ऑफिस पुण्याच्या वेशीवर. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. दगडातून झिरपताना पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट सोबत घेऊन येतं. तापवलं की त्यांचं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चक्क खडू, खाली बसतो. बॉयलरमधून वाफ निघून जाते, क्षार मात्र आतच राहतात. शाळेत 'दुष्फेन पाणी' म्हणून हे आपण घोकलं होतं. मार्क मिळाले आणि विसरलो.

जरा हिशोब करू. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटने मी पाणी तपासलं. कठीणपणा लिटरला साधारण ३५० मिलिग्रॅम. (भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ प्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा २००, आणि दुसरी सोय नसेल तर ६००. म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे, पण मशीनच्या जिवावर उठलेलं आहे!) मशीनमधून दिवसाला ४० लिटर पाणी जातं असं धरा. झाले १४ ग्रॅम. कामाचे २५ दिवस म्हणजे महिन्याला ३५० ग्रॅम. यातलं बरंचसं कपातून निघून जातं, पण चौथा हिस्सा जरी आत राहिला तरी महिन्याला ८५-९० ग्रॅम खडू. आता सांगा, यात मावशींचं फडकं काय करणार?

बरं, मावशी रोज रात्री पावडर टाकून मशीन धुतात, तेही बिनचूक. पण ती पावडर अल्कलाइन असते. ती कॉफीचं तेल काढते, खडूला हातसुद्धा लावत नाही. खडू फक्त ॲसिडला ऐकतो. सर्व्हिसवाल्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पण "पाणी खराब" लिहिलं तर फिल्टरचा खर्च मॅनेजमेंटवर येतो, "साफसफाई अपुरी" लिहिलं की तो मावशींवर येतो. सोप्पं!

आणि ॲसिड म्हणजे तरी काय? ताप उतरवायची गोळी. सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिडने थर विरघळतो, मान्य. पण सुटलेले पापुद्रे बारीक छिद्रांत आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात, पितळ-तांब्यावर ॲसिडचा मार बसतो, आणि नीट खळबळलं नाही तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांची कॉफी आंबट. (संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे महाभागही असतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते स्टेनलेस स्टीललाही खातं. कृपा करून नको!) आमच्या भाषेत सांगायचं तर हा दर तीन महिन्यांनी सर्व्हर रिस्टार्ट करण्याचा प्रकार आहे. मेमरी लीक तशीच.

मी हे फॅसिलिटीवाल्या साहेबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "अहो, आपला टीडीएस चांगला आहे." साहेब, टीडीएस मीटर फक्त विजेची वाहकता मोजतो. क्षार कॅल्शियमचे की सोडियमचे, हे त्याला कळत नाही. चुकीचा आकडा डॅशबोर्डवर हिरवा दिसतोय म्हणून खूश राहणारे आम्हीच एकटे नाही तर!

"मग आरओ लावू?" नुसतं आरओही नको. पाण्यात क्षार अगदीच नसतील तर बॉयलरची पातळी ओळखणाऱ्या प्रोबला पाणी आहे की नाही तेच कळत नाही, शिवाय कॉफी बेचव. प्रोबवर थर चढला तरी तोच घोळ. मशीनला वाटतं बॉयलर रिकामा, ते भरतच राहतं, आणि वाफेच्या नळीतून उकळतं पाणी उडतं. कोणाच्या हातावर? मावशींच्याच.

उपाय साधा आहे. मशीनआधी कॅल्शियम काढणारं फिल्टर लावा. त्याचं कार्ट्रिज कॅलेंडर बघून नाही, तर किती लिटर पाणी गेलं ते मोजून बदला. आठवड्याला एकदा थेंबांच्या किटने पाणी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि रिपोर्टाच्या फॉर्मवर 'पाण्याचा कठीणपणा' असा रकाना सक्तीचा करा.

हा सगळा हिशोब मी काल मेलने वर पाठवलाय. मशीनचं काय करायचं ते करा, पण आधी मावशींचे पाचशे रुपये परत द्या. त्यांच्या फडक्याखाली बसलेला तो खडू नव्हे.

असो. सोमवारी उत्तर आलं नाही, तर मी पुन्हा मेल करणार आहे.