रोज पहाटेची सुई

रामवाडीच्या आमच्या मामूंना न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, जेवण सुरू झालं. तरी घरी सोडेपर्यंत रोज पहाटे सुई. कशासाठी? "रूटीन आहे."

रूटीन हे कारण नव्हे. 'नॉर्मल'ची रेषा सहसा अशीच आखतात की 5 टक्के निरोगी माणसंही तिच्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा चुकीचा दिसण्याची शक्यता 64 टक्के! मग त्या आकड्यामागे नवी तपासणी, नवं बिल. म्हाताऱ्या अंगातलं रक्त जातं ते वेगळंच.

आपल्याच रायगडात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना 2013 साली एमआरआयसाठी पेशंट पाठवल्याबद्दल 1200 रुपयांचा चेक आला. तो परत करून त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. प्रत्येक तपासणीमागे कमिशनच असतं असं नाही. पुष्कळदा भीती असते, सवय असते. आणि "डॉक्टर, सगळ्या टेस्ट करून टाका" म्हणणारे आपणही असतोच.

गरजेची तपासणी जरूर करा. पण सुई टोचण्याआधी अदबीनं एवढंच विचारा: या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार? उत्तर 'काहीच नाही' असेल, तर रक्त अंगातच राहू द्या.