संकेतस्थळ आहे, पण बघतो कोण?

‘घर घेणाऱ्यांना शिकवणी कशाला? महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर सगळं असतं,’ हे एका पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. असतं खरं, पण पहिलं घर घेणारा नमुना फ्लॅटमधला सोफा बघून भुलतो आणि ‘ऑफर आजच्यापुरतीच’ ऐकून चेक फाडतो. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे, हे त्याला विक्री कार्यालयात कोण सांगणार? तयार इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का, हेही विचारायचं सुचत नाही. कर्जाची चौकशी करायला येणाऱ्याला बँकांनीच तासभर बसवून हे समजावून द्यावं. कर्जासोबत विमा गळ्यात मारायला त्यांना वेळ असतोच की!

– एक वाचक, डोंबिवली