त्यात आपले काय जाते?

“फादर, संशोधक आले आहेत, नोंदवह्या उघडून द्या, त्यात आपले काय जाते?” असे आमचे सुशिक्षित बांधव आम्हांस विचारतात. काय जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

देण्यास आमचा विरोध नाही. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ साली आरंभिलेल्या संशोधनात ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघाच्या ६७८ वयोवृद्ध धर्मभगिनी सहभागी झाल्या. वर्षानुवर्षे त्यांनी स्मरणशक्तीच्या चाचण्या दिल्या, मठातील जुनी कागदपत्रे खुली केली आणि मरणोत्तर मेंदूही दान केला. मेंदूत अल्झायमरच्या खुणा असूनही काही भगिनींची बुद्धी अखेरपर्यंत शाबूत होती, हे त्यामुळे जगाला कळले. काय देतो व कशासाठी देतो, हे जाणून केलेले ते दान होते.

आता दुसरे उदाहरण पाहा. ग्रँड कॅन्यनच्या दरीतील हवासुपाई जमात मधुमेहाने ग्रासली होती. उपाय सापडेल या आशेने तिने १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिले. संमतीपत्रातील शब्द मोघम होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतील विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांचाही अभ्यास झाला. आपला उगम याच दरीत झाला, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना हे २००३ साली कळले. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले, उरलेले रक्तही परत केले. रक्त परत आले. विश्वास परत आला काय?

स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या राखण्याचे कर्तव्य ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ५३५ व्या कलमाने धर्मग्रामावर सोपविले आहे. त्या वह्यांत घराघरांची सुखदुःखे आहेत, क्वचित झाकलेले अश्रूही आहेत. आम्ही त्यांचे राखणदार आहोत, मालक नव्हे.

म्हणून संशोधकांना आमचे सांगणे असे: हेतू मराठीत लेखी द्या, हेतू बदलला तर पुन्हा विचारा, निष्कर्ष आधी आम्हांस सांगा, आणि माघार घेण्याचा आमचा हक्क मान्य करा. जो हे मानील, त्याला आमची दारे वर्षानुवर्षे उघडी राहतील.

धन्याचे धन पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरला, हे खरे. पण तेच धन वाटेने जाणाऱ्या कोणाच्याही हाती देणारा चाकर शाबासकीस पात्र ठरला असता काय?