वाढत्या अंगाचे धनुष्य

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पाचोऱ्याच्या कापड दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडते: "थोडा वाढत्या अंगाचा दाखवा." पोर वर्षभरात वाढणार, गणवेश दोन वर्षे पुरला पाहिजे, तोवर बाही दुमडून घेऊ. हिशेब शहाणपणाचा आहे आणि खानदेशातल्या बहुतेक घरांनी तो केलेला आहे. पण हाच हिशेब धनुष्याच्या खरेदीत शिरला की साफ चुकतो. धनुष्याची बाही दुमडता येत नाही.

धनुष्य हवे म्हणून हटून बसणारी मुले आता घरोघरी दिसतात, आणि त्याचे कारण उघड आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. आदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. त्याआधी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने सुवर्ण जिंकले होते. ही तिन्ही यशे कम्पाउंड धनुष्याची आहेत. त्या धनुष्याला चाके असतात, आणि खेळाडूच्या हाताप्रमाणे त्या चाकांची जुळणी करता येते. आपण मुलाच्या हातात पहिल्यांदा देतो ते साधे लाकडी, बांबूचे किंवा टोके पुढे वळलेले रिकर्व्ह धनुष्य. त्यात अशी जुळणी नसते. जी लांबी घ्याल ती घेतली. म्हणून लांबीचा प्रश्न पैसे देण्याआधी सोडवावा लागतो.

त्यासाठी 'ओढ' समजून घ्यावी लागते. बाण पूर्ण ताणल्यावर दोरी मुठीपासून जेवढी मागे येते ते अंतर म्हणजे ओढ. मैदानावर सगळे तिला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. ती धनुष्याची नसते, माणसाची असते. हात किती लांब, खांदे किती रुंद, दोरी हनुवटीखाली टेकते की छातीपाशीच थांबते, यावर ती ठरते. ढोबळ मोजणी घरच्या घरी होते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायचे, एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचांत माप घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला अडीचने भागायचे. माप ६५ इंच भरले तर ओढ २६ इंच. ५९ भरले तर साडेतेवीसच्या आसपास. हा अंदाज आहे. खरे माप अगदी हलक्या धनुष्यावर लांब बाण ओढायला लावून, मुठीपुढे बाणावर खूण करूनच मिळते. पण अंदाजसुद्धा न घेता खरेदी करण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

आता साडेतेवीस इंच ओढीच्या पोराला, पुढे वाढेलच म्हणून, ७० इंची रिकर्व्ह घेऊन दिले असे समजा. त्याची पाती, म्हणजे मुठीच्या वरचे आणि खालचे वाकणारे भाग, पुरती वाकत नाहीत. पाते वाकल्यावर त्यात जी ताकद साठायला हवी ती पुरेशी साठत नाही. बाण मंद सुटतो, लक्ष्याच्या अलीकडे जमिनीत घुसतो, आणि पोराला वाटते की आपल्याच दंडात जोर नाही. त्यात पात्यावर छापलेला पाउंडांचा आकडा २८ इंच ओढीला धरून दिलेला असतो. ओढ एका इंचाने कमी झाली की जोर साधारण दोन पाउंडांनी उतरतो. म्हणजे ३० पाउंड लिहिलेले धनुष्य २४ इंच ओढीच्या हातात २२ च्या आसपास भरते. घरच्यांनी पैसे तिसाचे मोजलेले असतात.

उलटी चूक याहून त्रासाची. उंच, लांब हातांच्या मुलाला आखूड धनुष्य दिले की ओढीच्या शेवटच्या दोन इंचांत जोर एकाएकी चढतो. इथपर्यंत सरळ चाललेला चढ जणू भिंतीसारखा उभा राहतो. कारण साधे आहे. सुरुवातीला दोरी पात्याला आडवी ओढत असते, म्हणून पाते वाकते. पुढे तो कोन उघडत जातो, दोरी पात्याला त्याच्याच लांबीच्या दिशेने ताणू लागते आणि पाते वाकायला राजी नसते. शिवाय बाणाच्या शेपटीपाशी दोरीचा कोन इतका टोकदार होतो की बोटे तिच्यात चिमटली जातात. बोटे चिमटली की बाण नीट सुटत नाही, आणि नीट न सुटलेला बाण कुठे जाईल याचा नेम नाही. धनुष्य लांब असले की हा कोन रुंद राहतो आणि सोडताना झालेली बारीक चूक बरीचशी पोटात घातली जाते. बाणाचा वेग थोडा कमी पडतो, एवढीच त्याची किंमत. म्हणून स्पर्धेतले रिकर्व्हवाले लांबीकडे झुकतात, आणि झुडपांतून वाकून चालणारा शिकारी आखूडपणाकडे.

नॅरोगेजच्या रुळांवर ब्रॉडगेजचा डबा चढत नाही, हे पाचोरा-जामनेर गाडी पाहत मोठ्या झालेल्या गावाला कोणी शिकवायला नको. हात आणि धनुष्य यांचे नाते तसेच आहे. फरक इतकाच की धनुष्याच्या बाबतीत चूक लगेच कळत नाही. गाडी चालतेच, फक्त कायम अडखळत.

रिकर्व्हसाठी ढोबळ प्रमाण सांगायचे तर २४ इंचांखालच्या ओढीला ६२ ते ६४, २५-२६ ला ६६, २७-२८ ला ६८ आणि त्यापुढे ७० इंची धनुष्य. एक माप इकडेतिकडे चालते. मन डळमळत असेल तर लांबाकडे झुकावे. दुकानात आणखी एक घोळ होतो. ६८ लिहिलेल्या धनुष्याची दोरी ६८ इंची नसते, ती तीन-चार इंचांनी आखूड असते. नवी दोरी मागवताना दोरीची लांबी म्हणून धनुष्यावरचाच आकडा सांगितला की दोरी ढिली येते आणि दोष धनुष्याला दिला जातो.

राहिले वाढते अंग. त्याची सोय या खेळात आहे, पण ती मोठे माप घेण्यात नाही. सुट्या भागांच्या रिकर्व्हमध्ये मधली मूठ वेगळी आणि पाती वेगळी. २५ इंची मुठीला आखूड पाती लावली की ६६, मध्यम लावली की ६८, लांब लावली की ७० इंची धनुष्य होते. २३ इंची मूठ घेतली तर तीच पाती ६४, ६६, ६८ देतात. पोर वाढले की मूठ तीच ठेवून फक्त पाती बदलायची. एकसंध, चकचकीत, मोठे धनुष्य घेण्यापेक्षा हे पुष्कळ शहाणपणाचे आहे.

जुन्या लोकांनी हा प्रश्न फार सोपा करून ठेवला होता. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात पायदळासाठी चार हातांचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ मानले आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर धनुष्य हे जमीन मोजायचे मापच आहे: ९६ अंगुळे, म्हणजे चार हात. आता आपल्याच हाताने आपली उंची मोजून पाहावी. ती चार हातांच्या जवळपास भरते. सिकंदराच्या स्वारीची हकीगत लिहिणाऱ्या एरियनने भारतीय पायदळाचे धनुष्य ते बाळगणाऱ्याच्या उंचीएवढे असते, आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढतात, असे नोंदवले आहे. शास्त्रकारांनी ठरावीक मापाचा हात धरला असेलही. पण रानात बसून धनुष्य घडवणाऱ्याजवळ मोजपट्टी एकच होती, ती त्याच्या खांद्याला जोडलेली.

आपल्या भागाला हे परके नाही. पाचोऱ्याच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, उत्तरेला तापीपलीकडे सातपुडा, आणि दोन्हीकडे भिल्लांची वस्ती. त्यांचा तिरकामठा बांबूचा, आणि दोरीसुद्धा बांबूचीच, सोलून काढलेल्या लवचीक पट्टीची. अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी जी द्रव्ये सांगितली आहेत त्यांत वेणू, म्हणजे बांबू, आहे. ती यादी सातपुड्यात अजून जिवंत आहे असे म्हणायला हरकत नाही. मानवेल बांबू भरीव असतो आणि त्याचे चिवट धागे सालीलगत दाट असतात, म्हणून तो वाकतो आणि परत येतो. धामणीचे लाकूडही याच गुणामुळे धनुष्याला आणि कावडीला वापरले गेले.

पण बांबू आणि लाकूड यांना मर्यादा आहे. सरळ कांबीचे धनुष्य मुठीसकट वाकणारे असेल तर त्याची लांबी ओढीच्या दुप्पट तरी हवी. मूठ ताठ असेल तर आणखी सहा-आठ इंच. २६ इंच ओढीला म्हणजे कमीत कमी ५२, आणि ताठ मुठीला ६० च्या आसपास. याहून आखूड केले तर बाहेरची बाजू ताणाने किंवा आतली बाजू दाबाने दगा देते, आणि मोडणारा तुकडा तोंडासमोर असतो. तुर्की धनुष्य चार फुटांहूनही आखूड असून लांब ओढ सहन करते, ते शिंग आणि कंडरांचे थर चिकटवून केलेले असते म्हणून. ते चित्रात पाहून तेवढाच बांबू कापणाऱ्याने हा फरक ध्यानात घ्यावा. जपानी धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास, माणसापेक्षा उंच. त्याची मूठ मध्यावर नसून खालून तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ असते. तिथेही कोणी किती लांब धनुष्य घ्यावे हे त्याच्या ओढीवरूनच ठरते. बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश युद्धनौकेतून निघालेली १५४५ सालची धनुष्ये सहा फुटांहून लांब आहेत. त्यांतले प्रत्येक एकाच अखंड लाकडाचे आहे आणि पुरी ओढ सोसायला त्यांना तेवढी लांबी लागत होती.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. १८२५ साली जेम्स आउट्रमने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे पुढे धरणगावला होते. तिथे भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक आली. सरकारी बंदूक सगळ्यांना एकाच मापाची. तोवर ज्याचा कामठा त्याच्या हाताचा होता. सगळ्यांना एकच माप द्यायची ही सरकारी सवय नंतर क्रीडासाहित्याच्या खरेदीत उतरली असावी, अशी शंका आम्हाला कधी कधी येते. शाळेने बारा धनुष्ये मागवली की बारा एकसारखी येतात. पाचवीतली मुलगी आणि दहावीतला मुलगा त्याच धनुष्याशी झगडतात, आणि ज्याच्या हाताला ते योगायोगाने बसते त्याला आपण गुणी म्हणतो.

राष्ट्रीय स्पर्धांमध्ये बांबूच्या धनुष्यासाठी इंडियन राउंड नावाचा वेगळा प्रकार आहे. ३० आणि ५० मीटरवरून तो खेळला जातो. महागडे साहित्य न परवडणाऱ्या मुलांसाठी तो चांगला दरवाजा आहे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर तयार झाला, १९८७ साली निवड चाचणीत हेरला गेला आणि १९८८ पासून सलग तीन ऑलिंपिक खेळला. यावलच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत आणि तालुक्यातल्या हायस्कुलांत असे नेम धरणारे डोळे असणार. तेव्हा खरेदी करणाऱ्या मुख्याध्यापकांना आणि क्रीडाशिक्षकांना आमची एक साधी सूचना आहे. बारा धनुष्ये घ्यायची तर तीन-चार लांबींची घ्या, आणि मागणीपत्राला मुलांच्या ओढीची यादी जोडा. बांबूची करून घेणार असाल तर कारागिराला मुलांसमोर बसवा. बांबू लांब राहिला तर कापता येतो, मात्र कापल्याने त्याचा जोर वाढतो हे लक्षात ठेवावे. आखूड झालेला बांबू जोडता येत नाही.

आणि पालकांना: धनुष्य घ्यायला जळगाव किंवा पुण्याची गाडी पकडण्याआधी पोराला भिंतीला पाठ लावून उभे करा, हात पसरायला सांगा, टेप लावा, अडीचने भागा आणि आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. दुकानदाराने तो न विचारताच धनुष्य पुढे केले, तर त्या दुकानातून काहीही न घेता परत या.