पॅलाडिन सज्जनच हवा?

पॅलाडिन हा धर्मयोद्धा ‘गुड’, म्हणजे सज्जन, नसेल तर तो पॅलाडिनच नव्हे, हा गेल्या अंकातील पत्राचा दावा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमपुस्तकांपुढे टिकत नाही. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत वृत्तीची अट फक्त ‘लॉफुल’, म्हणजे नियमनिष्ठ, असण्याची होती. ‘गुड’ नंतर चिकटले. तेव्हा ‘लॉफुल’मध्ये चांगुलपणा गृहीतच होता, हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा, पण गृहीत धरणे म्हणजे नियम नव्हे. २००८च्या आवृत्तीत दैवताशी जुळणारी वृत्ती पुरेशी ठरली, तर २०१४मध्ये तीही अट गेली आणि शपथ उरली. मग पॅलाडिन आणि भाडोत्री तलवारबहाद्दर यांत फरक काय? सुडाची शपथ घेतलेला पॅलाडिन आपल्या ठरलेल्या शत्रूला दया दाखवत नाही, मात्र शपथ मोडली तर किंमत मोजतो. भाडोत्र्याला मोडायला काही नसतेच. शिवाय सज्जनपणाच्या अटीचा जाच इतर खेळाडूंनाही होई: जुन्या नियमांत पॅलाडिनला दुष्ट पात्रासोबत राहण्याची मनाई होती. म्हणजे एकाच्या सोवळ्यापायी इतरांनी कोणते पात्र घ्यायचे, तेही ठरून जाई!

— एक वाचक