वसुलीचं काय?

मराठी माणसाला धंदा का जमत नाही, या विषयावरचं भाषण महाराष्ट्रात बाराही महिने कुठे ना कुठे चालू असतं. वक्ते बदलतात, मुद्दे तेच राहतात. आपल्यात धाडस नाही, आपल्याला नोकरीची सावली लागते, आपण कर्जाला घाबरतो, भांडवल उभं करत नाही. शेवटी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव येतं, टाळ्या पडतात आणि समोर बसलेली तरुण मंडळी कर्जाच्या योजनांची माहितीपत्रकं घेऊन घरी जातात. ही सगळी मांडणी मला अमान्य आहे. ती दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे सांगते, आणि त्या औषधाने अनेक संसार कर्जात गेले आहेत.

धाडसाचा मुद्दा आधी घेऊ. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी, चिखली, तळवड्याच्या गाळ्यांतून एक फेरी मारावी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात, नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये जावं. राहतं घर बँकेकडे तारण ठेवून सीएनसी मशीन घेतलेली माणसं तिथे रांगेने भेटतात. वर्कशॉपमध्ये हेल्परचं काम करता करता स्वतःची भट्टी, स्वतःचा प्रेस उभा केलेली माणसं भेटतात. यांच्यात धाडस नाही असं म्हणणाऱ्याने त्यांच्या कर्जाचे हप्ते एकदा बघावेत. ज्या समाजात इतकी माणसं घर गहाण टाकून उभी आहेत, त्याला धाडसाचे धडे देण्यात वेळ घालवू नये.

किर्लोस्करांची गोष्टसुद्धा अर्धीच सांगितली जाते. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची हिंमत थोर होतीच. पण अडचणीच्या काळात धीराने थांबणारा पाठीराखा त्यांना मिळाला, हेही तितकंच खरं आहे. आजच्या गाळेवाल्याला असा संस्थानिक नाही. त्याला बँक आहे, आणि बँकेचा हप्ता थांबत नाही.

आता भांडवल. सुरुवातीला पैसा लागतो हे कोण नाकारेल? पण त्याची सोय आज पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. मुद्रा योजना 2015 मध्ये आली, तेव्हा मर्यादा 10 लाखांची होती. 2024 च्या अर्थसंकल्पात, आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती 20 लाख झाली. उलट बाजूने बघा. 1959 मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. 80 रुपये त्या काळीही कारखान्याचं भांडवल नव्हतं. पण पापड लाटला, वाळला, विकला गेला आणि पैसे परत आले. त्याच पैशांचं पुन्हा पीठ आलं. भांडवल थोडं असूनही धंदा वाढला, कारण ते फिरत राहिलं. गावोगावची खानावळ, पोळी-भाजी केंद्र, वडापावची गाडी तग धरते तीही यामुळेच. सकाळी घातलेला पैसा संध्याकाळी गल्ल्यात येतो.

कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या उद्योजकाचं नेमकं इथेच अडतं. एक हिशेब मांडतो. समजा, महिन्याला 4 लाखांचा माल जातो. त्यावर 18 टक्क्यांनी 72 हजार जीएसटी. कच्चा माल 2 लाखांचा, तो बहुतेक रोखीने. त्यावरचा कर 36 हजार. मजुरी, वीज, भाडं, टूलिंग मिळून 1 लाख 60 हजार. कागदावर नफा 40 हजार, म्हणजे 10 टक्के. वाईट नाही. पण खरेदीदार पैसे 90 दिवसांनी देतो. तोपर्यंत खरेदीवरचा कर वजा जाऊन उरलेला 36 हजार जीएसटी पुढच्या महिन्यात स्वतःच्या खिशातून भरावाच लागतो. कर बिलावर लागतो, बिलाचे पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. अशा तऱ्हेने दरमहा 4 लाख 32 हजार बाहेर पडतात आणि तीन महिन्यांत सुमारे 13 लाख लोकांच्या ताब्यात जाऊन बसतात. ते 12 टक्के व्याजाने उचलले असतील, तर महिन्याला 13 हजार व्याज. नफ्याचा तिसरा हिस्सा तिथेच गेला. खरेदीदार मात्र हे 13 लाख बिनव्याजी वापरतो आहे.

आणि याच माणसाला आपण सांगतो, धंदा वाढव. ऑर्डर दुप्पट झाली की अडकलेले 13 लाख 26 लाख होतात. नवं मशीन टर्म लोनवर येतं, पण वाढलेल्या उधारीसाठी सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिटची, मर्यादा तितकी वाढून मिळत नाही. ठरावीक दिवसांहून जुनी येणी बँक मोजतच नाही, मग ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणारी रक्कम, घटते. नेमकी गरज असते तेव्हा बँकेचा हात आखडतो. चांगल्या ऑर्डरी हातात असताना, मशीन तीन पाळ्यांत चालू असताना गाळे बंद पडतात ते असे. बाहेरच्यांना वाटतं धंदा चालला नाही. धंदा चालला होता. पैसे आले नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उधारीशिवाय धंदा होतच नाही, आणि मोठ्या कंपनीकडे पैशांचा तगादा लावणाऱ्याची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. हे मी मान्य करतो. ज्याचं सगळं काम एकाच खरेदीदारावर चालतं, त्याने कायद्याचं पुस्तक दाखवणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं आहे. म्हणून उपाय तक्रारीपासून सुरू होत नाही, ऑर्डर घेण्यापासून सुरू होतो. एका गिऱ्हाइकावर धंद्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार नको. कच्चा माल महाग असेल तर तो खरेदीदाराने द्यावा, आपण जॉबवर्क करावं. दर कमी दिसतो, पण अडकते ती फक्त मजुरी. नवं गिऱ्हाईक असेल तर निम्मी रक्कम आगाऊ. पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर, पैशांची मुदत छापील हवी, तोंडी नको. आणि मुदत ज्या दिवशी संपते, त्याच दिवशी फोन गेला पाहिजे.

हा फोनच आपल्याकडून होत नाही. आपल्या संस्कारात पैसे मागणं हलकं मानलं गेलं आहे. साहेब काय म्हणतील, इतक्या वर्षांचे संबंध आहेत, दिवाळीनंतर बघू, असं म्हणत आपण आपलेच पैसे मागायला संकोचतो. भीड भिकेची बहीण, हे आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. धाडस शिकवायचंच असेल तर हे शिकवा: स्वतःच्या घामाचे पैसे ताठ मानेने, वेळेवर, लेखी मागण्याचं.

कायदा दुबळा नाही, तो वापरला जात नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत 45 दिवसांपलीकडे ठरवताच येत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. थकबाकीच्या तक्रारीचा निकाल विरोधात गेलेल्या खरेदीदाराला न्यायालयात जायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यातही तरतूद आली: अशा पुरवठादाराचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत वजावटीस धरला जात नाही. हे सगळं मिळायला उद्यम नोंदणी हवी, ती माल द्यायच्या आधीच करून ठेवावी. नुसता व्यापार करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, ही कायद्यातली मोठी उणीव आहे आणि ती दूर झाली पाहिजे.

भांडण न करता पैसे मोकळे करण्याचा एक मार्ग ट्रेड्स (TReDS) या बिलांच्या ऑनलाइन व्यासपीठाचा आहे. खरेदीदाराने मान्य केलेलं बिल तिथे बँका बोली लावून उचलतात. पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात आणि पुढे खरेदीदाराने ते बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. पण नुसत्या नोंदणीने पैसे मिळत नाहीत, बिलं तिथे चढवावी लागतात. त्याची मागणी औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी एकत्र केली पाहिजे. एकट्याचं नाव काळ्या यादीत जातं, दोनशे जणांचं जात नाही.

वेळेवर पैसे देण्याच्या बाबतीत सरकारने आधी स्वतःकडे पाहावं. 2025 मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार आंदोलनाला उतरले. उद्योजकता मेळावे भरवणाऱ्या राज्यात ही वेळ येते, हे लाजिरवाणं आहे. नव्या कर्ज योजनेआधी सरकारी खात्यांनी, महामंडळांनी आणि नगरपालिकांनी 45 दिवसांचा नियम स्वतः पाळून दाखवावा.

हा लेख वाचणाऱ्यांत कंपन्यांच्या परचेस आणि अकाउंट्स विभागांत बसणारे पुष्कळ मराठी लोक असतील. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या टेबलावर कुठल्या तरी छोट्या कारखानदाराचं 45 दिवस उलटलेलं बिल पडलेलं असेल, तर त्यावर आजच सही करा.