वहीत न मांडलेली किंमत

व्यापारी कुटुंबात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पहिले आकडे पडतात ते खरेदी-विक्रीचे. वस्तूला खरेदीची किंमत असते, बाजारभाव असतो आणि वर्षाअखेरीस घसारा वजा जाता उरणारी पुस्तकी किंमतही असते. लहान मुलाच्या जिवाभावाच्या वस्तूला मात्र यांपैकी एकही मोजमाप लागू पडत नाही. ती जितकी जुनी, मळलेली आणि झिजलेली, तितकी तिची किंमत चढत जाते. अशी वस्तू भर शहरात हरवते, तेव्हा मुलापेक्षा वडीलधाऱ्यांचीच परीक्षा अधिक होते.

सोलापूर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी कापडाची जुनी पेढी असलेले एक कुटुंब आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेढीचे अण्णा आणि त्यांचे चिरंजीव खरेदीसाठी मुंबईस निघाले, तेव्हा आठ वर्षांची नातही हट्ट धरून सोबत आली. कुर्डुवाडीहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली, त्या वेळी तिच्या काखेत कापडी हत्ती होता. दुकानात उरलेल्या तुकड्यांमधून आजीने तो शिवला होता. अंग मांजरपाटाचे, कानांना इरकली काठाची किनार, आणि डोळ्याच्या जागी आजोबांच्या जुन्या सदऱ्याचे बटण. आजीला जाऊन वर्ष झाले होते. तेव्हापासून तो हत्ती उशाशी असल्याखेरीज मुलीला झोप येत नसे.

सकाळ मुळजी जेठा मार्केटात गेली. गादीवर नमुन्यांची ठाणे उलगडली जात होती, भावाची घासाघीस चालली होती, आणि मुलगी हत्तीला एकेक रंग दाखवीत बसली होती. दुपारी घाटकोपरला नातलगांकडे जायचे म्हणून तिघे मशीद बंदर स्थानकावर ठाण्याच्या धीम्या लोकलमध्ये चढले. खिडकी मिळाली. मुंबई दिसावी म्हणून मुलीने हत्तीला खिडकीच्या कडेला बसविले. घाटकोपरला गर्दीच्या रेट्यात पित्याने तिचा हात धरून तिला खाली उतरविले. गाडी सुटली आणि मुलीने आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिले.

पित्याने तत्काळ उपाय सांगितला. "रडायचं नाही हं. संध्याकाळी याहून मोठा हत्ती घेऊन देतो." मुलगी रडलीच नाही. ती एकदम गप्प झाली, आणि ते गप्प होणे अण्णांच्या ध्यानात आले.

ते स्टेशन मास्तरांच्या कार्यालयाकडे वळले, तेव्हा चिरंजीव संकोचून म्हणाले, "अण्णा, एवढ्याशा हत्तीसाठी त्यांना कशाला त्रास?"

"पैशांची पिशवी राहिली असती तर आपण गेलो असतो की नाही?" एवढेच बोलून अण्णा आत गेले.

हरवलेल्या वस्तूच्या शोधात पहिली काही मिनिटे मोलाची असतात, आणि त्याहून मोलाचा असतो अचूक तपशील. गाडी कुठली, कुठल्या दिशेची, किती वाजता सुटली, डबा कितवा, खिडकी कोणत्या बाजूची, एवढे सांगता आले तर तपास करणाऱ्याचे काम निम्मे होते. अण्णांनी ते सर्व मुलीलाच विचारले, आणि तिने आठवून आठवून सांगितले. ज्याचे हरवले त्यालाच शोधात सहभागी करून घेतल्याने त्याची असहायता थोडी ओसरते. रेल्वेच्या 139 या क्रमांकावरही कळविले. प्रवाशांचे राहून गेलेले सामान परत मिळवून देण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाची 'ऑपरेशन अमानत' नावाची मोहीमच आहे. 'अमानत' हा शब्द व्यापाऱ्याला नवा नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती विश्वासाने आली आहे, एवढा अर्थ त्यात सामावला आहे.

नोंद लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने वर्णन लिहून घेतले आणि विचारले, "किंमत किती लिहू?"

चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून हजारो वस्तूंचे भाव न अडखळता सांगणारे अण्णा क्षणभर निरुत्तर झाले. मग म्हणाले, "किंमत राहू द्या साहेब. 'आजीने शिवलेला' एवढं लिहा." कर्मचाऱ्याने मान वर करून मुलीकडे पाहिले आणि तसेच लिहिले.

ठाण्याला पोहोचलेली लोकल काही मिनिटांतच परतीच्या प्रवासाला लागते. तेवढ्या वेळात तेथे डबा पाहिला गेला, पण हत्ती मिळाला नाही. तासाभराने मुलीने विचारले, "आजोबा, सापडेल ना?"

होकार देणे सोपे होते. अण्णा म्हणाले, "सांगता येत नाही, बाळ. आपल्याला शोधता येईल तेवढं आपण शोधलं." तेव्हा कुठे ती रडली. पिता तिच्याजवळ बाकावर बसला. नव्या हत्तीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

अशा वस्तूंविषयी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली एक निबंध मांडला, तो 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. आईपासून हळूहळू स्वतंत्र होणारे मूल एखादी गोधडी किंवा मऊ बाहुली निवडते आणि तिच्या आधाराने एकटे राहण्यास शिकते, असे त्यांचे निरीक्षण होते. ती वस्तू मळली, तिला वास येऊ लागला, तरी आई ती धुण्यास धजत नाही. कारण धुतल्याने मुलाच्या अनुभवातील सातत्य तुटते. जी वस्तू नुसती धुतली तरी 'ती' राहत नाही, तिची जागा दुकानातून आणलेली दुसरी वस्तू कशी घेणार? "दुसरी घेऊन देतो" या वाक्यात प्रेम असते, पण त्या वाक्याने मूल एक चुकीचा हिशेबही शिकते. जे विकत मिळते ते सारे परस्परांच्या जागी ठेवता येते, असा तो हिशेब. पुढे हेच मूल माणसांनाही तोच हिशेब लावू लागले, तर दोष कोणाचा?

हत्ती अखेरपर्यंत मिळाला नाही. मात्र त्याच वर्षी पावसाळ्यात, आठवड्याच्या बाजारच्या दिवशी, एका खेडूत गिऱ्हाइकाचे मूल दुकानात लाकडी भिंगरी विसरून गेले. दुकानातील गड्याने ती केरात टाकण्यासाठी उचलली. मुलीने ती त्याच्या हातून घेतली, कागदात गुंडाळली, वर तारीख घातली आणि गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवली. पुढील बाजाराच्या दिवशी ती शाळेतून थेट दुकानात आली आणि दाराकडे डोळे लावून बसली. ते गिऱ्हाईक त्या दिवशी आले नाही. त्याच्या पुढच्या बाजारी आले, तेव्हा तिने भिंगरी स्वतःच्या हाताने मुलाला दिली. गिऱ्हाईक हसून म्हणाले, "अहो, दोन-चार रुपयांची भिंगरी ती!" अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "पोराला विचारा."

या मुलीने जे केले, त्याला कायद्याचाही आधार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 नुसार दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो आपल्या ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. सामान्य विवेकाचा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी त्याने घ्यावयाची असते. त्याच्या कितीतरी शतके आधी आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्य अणुव्रत सांगताना परक्याच्या ठेवलेल्या वस्तूबरोबरच पडलेल्या आणि विसरलेल्या वस्तूचाही स्पष्ट उल्लेख केला. वस्तू लहान की मोठी, असा भेद त्यांनी केला नाही.

आठ वर्षांच्या मुलीने यांपैकी काहीही वाचलेले नव्हते. घाटकोपरच्या कार्यालयात आपले आजोबा एका कापडी हत्तीसाठी तासभर उभे राहिलेले तिने पाहिले होते. गल्ल्याशेजारची ती फळी अद्याप तशीच आहे. आता तिच्यावर एक छत्री, एक चष्म्याचे घर आणि लहान बाळाचा एकच बूट आहे. प्रत्येकावर बाळबोध अक्षरात तारीख लिहिलेली आहे. किंमत मात्र कशावरच लिहिलेली नाही.